उपकारस्तुतीचा रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेव मास्तर नदीपलीकडून घरी आला, तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि तोंडावर दाबून धरलेलं हसू होतं. अंजना चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"कावून हसताय एवढं?"

"गंमत पाह्यली एक. कुनाला बोलू नको. नाक्यावरचा निजामाचा पिवळा झेंडा गायब हाय. त्याच्या जागी तिरंगा फडकतोय. आन टेकाडावरून हातात वहाणा घिऊन कोन उतरत होतं म्हनशील? पाटलाचा सुंदरराव! मला म्हनला, राम राम मास्तर. जसा काय शेतावरून आलाय."

अंजनाला हसू आलं नाही. भाकरी तव्यावर टाकताना ती एवढंच म्हणाली, "तुमाला कुनी पाह्यलं न्हाई ना?"

"नाकेदारानं पाह्यलं. त्यालाच सलाम करून आलो की."

निंबोरवाडी सीना नदीच्या काठावर. अलीकडं निजामाचं राज्य, त्याला सगळे मोगलाई म्हणायचे. पलीकडं नगर जिल्हा, तिथं इंग्रज. मधे करोडगिरीचा नाका, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मालावर जकात घेणारा. त्या साली हैद्राबाद संस्थानात सत्याग्रह सुरू झाला होता. नगरकडून माणसं नदी ओलांडून यायची, घोषणा द्यायची आणि पकडली जायची. शहादेवाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मिशनची एक शाळा होती आणि शाळेतच रविवारी उपासना व्हायची; शहादेव तिथला मास्तर आणि उपदेशकही. पलीकडच्या गावात एक ख्रिस्ती म्हातारा आजारी होता, त्याच्यासाठी प्रार्थना करायला तो आदल्या दिवशी गेला होता. एवढंच.

पण ती गंमत अंगाशी यायला दुपारसुद्धा झाली नाही.

पहिल्यांदा आले ते अर्जुनराव, गावचे पोलीस पाटील, सुंदररावाचे वडील. ते कधी वस्तीत पाऊल टाकत नसत. आज शाळेच्या दारापर्यंत आले. अंजना आतून ऐकत होती.

"मास्तर, तू सकाळी कुनाला पाह्यलं न्हाईस."

"पाटील, पाह्यलं न्हाई असं मला म्हनता येनार न्हाई."

"म्हंजी माझ्या पोराला फासात देतोस?"

"नाव बी घेनार न्हाई. पन खोटी शपथ घ्यायला सांगू नका."

अर्जुनरावांना ते समजलंच नाही. माणूस एकतर आपल्या बाजूचा असतो, नाहीतर उलट्या बाजूचा. ही तिसरी तऱ्हा कसली? ते काठी आपटत निघून गेले.

मग चावडीवर अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अंमलदार, आले. सगळं गाव गोळा झालं. वस्तीतल्या बायका लांब लिंबाखाली उभ्या राहिल्या, अंजनाही त्यांच्यात. अमीनसाहेब मोठ्यानं बोलणारे नव्हते. त्यांनी शहादेवाला जवळ बोलावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम लोगां झूट नै बोलते. सारा तालुका जानता. बोल दो कौन था. तुमारे स्कूल की इजाजत मैं खुद दिलाता."

शाळेची परवानगी दोन वर्षं अडकली होती. खाजगी शाळा चालवायची तर सरकारची मंजुरी लागे, आणि अर्जुनरावांच्याच तक्रारीमुळं ती अडली होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अंजनाला वाटलं, आता सांगेल. सांगायलाच पाहिजे. ज्यानं शाळा अडवली त्याचंच पोर.

शहादेवानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"साहेब, मी पाह्यलं. नाव सांगनार न्हाई."

"सरकार से बेवफाई करते?"

"सरकारचं मी वाईट चिंतत न्हाई, साहेब. पन कुनाच्या हातात बेडी घालायला माझी जीभ मागू नका. लागली तर माझ्या हातात घाला."

अमीनसाहेबांनी जमादाराला खूण केली. अर्जुनराव पागोटं सावरत शेजारीच उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. अंजनानं ते पाहिलं.

शहादेवाला तालुक्याच्या गावी, आष्टीच्या हवालातीत म्हणजे कोठडीत नेलं.

त्या संध्याकाळी अंजनाचा भाऊ बंकट आला. तोही ख्रिस्ती झालेला, पण जिभेचा तिखट.

"मेव्हन्याला काय झालंय गं? ह्या पाटलानं आपल्याला काय दिलं? दुष्काळात तू त्याच्या हिरीवर सकाळधरनं घागर घिऊन बसलीवतीस. कुनी वंजळभर वतलं का? ख्रिस्ती झालो, जोहार सोडून सलाम कराया लागलो तवा ह्येच हसले. ते गांधीटोपीवाले राज्य आनतील, तवा आपल्याला हिरीवर घेनार हायेत का?"

"मला काय इचारतोस?" अंजना म्हणाली. "माझ्या बी मनात त्येच हाय."

आष्टीचा बाजार भरला त्या दिवशी ती भाकरी बांधून पायी निघाली. हवालातीच्या दारावर दगडूमियां जमादार होता. पांढरी दाढी, पान खाऊन लाल झालेले दात. त्यानं गाठोडं उघडून पाहिलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"जा आई, तूच दे. मास्तर लई गरीब मानूस हाय. मी नमाज पढतो तवा तो बी आत डोळे मिटून बसतो. मी रोटी आनली की पैल्यांदा त्याला देतो, मंग मी खातो."

अंजनानं मान हलवली आणि ती आत गेली.

शहादेवाचा ओठ सुजला होता. कुणी मारलं ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. गजांमधून भाकरी देताना तिचा राग मात्र बाहेर पडला.

"तुमी त्या पोराचे कोन लागता?"

"कोनीच न्हाई."

"मंग? लेकरं उपाशी हायेत का जेवली, ह्याची काळजी न्हाई, आन पाटलाच्या लेकाची हाय!"

तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "अंजना, त्यानं झेंडा लावला. चोरी न्हाई केली, कुनाला मारलं न्हाई. आज मी त्याचं नाव दिलं, तर उद्या अमीन मला आपल्या वस्तीतल्या मानसाचं नाव इचारील. आन मला ते बी द्यावं लागंल. एकदा का मी सरकारचा सांगनारा झालो, की रविवारी उभा राहून लोकास्नी काय सांगू?"

"आन लोकांनी तुमाला इंग्रजांचा मानूस म्हनावं, पाटलानं सरकारचा म्हनावं, सरकारनं गांधीचा म्हनावं. तुमी हाय तरी कुनाचे?"

तो हसला, सुजलेल्या ओठामुळं ते हसू तोंडावर वाकडंच उमटलं. "तुला ठाऊक हाय."

ती बाहेर आली तर अमीनसाहेब पटांगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिला बोलावलं आणि तिला नीट कळावं म्हणून मराठीत बोलले.

"बाई, नवऱ्यानं तुला सांगितलंच असेल. तू नाव बोल. आत्ताच्या आत्ता त्याला सोडतो. तू बोललीस हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

नाव अंजनाच्या जिभेच्या टोकावर आलं. तिनं हवालातीकडं पाहिलं. शहादेव गजाशी उभा होता. त्यानं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. तो नुसता पाहत होता. हे तुझं तू ठरव, असं. त्याची ती नजर तिला सोसेना. त्यानं दटावलं असतं तर तिनं नाव घेऊनच टाकलं असतं.

"साहेब, मला इचार करू द्या."

"पुढच्या बाजारापर्यंत कर."

घरी जाताना सगळी वाट ती देवाशी भांडत गेली. मोठ्यानंच बोलत होती. रस्त्यानं कुणी नव्हतं. बोलायचं तर नवऱ्यानं जे जपलं ते मोडतं. न बोलायचं तर तो आतच राहतो. दुसऱ्या कुणाच्या तरी पोरापायी आपणच का जळायचं? आणि ज्याची ही करणी, जो त्याच दिवसापासून गावात दिसला नाही, तो कुठं आहे? त्याला तरी ठाऊक आहे का?

ह्या शेवटच्या प्रश्नापाशी तिचे पाय थांबले. तिनं घराची वाट सोडली आणि गावाला वळसा घालून पाटलाच्या गोठ्याकडं निघाली.

वच्छलाबाई, अर्जुनरावांची बायको, म्हशीची धार काढत होत्या. अंजनाला पाहून त्या दचकल्या. आजूबाजूला कुणी नाही ना हे त्यांनी पाहिलं.

"अंजने, इथं कावून आलीस? त्यांनी पाह्यलं तर…"

"पाटलीणबाई, मला अमीनानं बोलावलंवतं. म्हनला, नाव सांग, नवरा सोडतो."

वच्छलाबाईंच्या हातातली धार थांबली.

"सांगितलंस?"

"न्हाई अजून." अंजना कुंपणाशीच उभी होती. "मी काय तुमाला भ्या दाखवाया आले न्हाई. एवढंच सांगाया आले, की तुमच्या लेकापायी एक मानूस आत हाय. त्याचा वठ सुजलाय. तुमच्या लेकाला हे ठाऊक हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. नसंल तर कळवा. पुढं त्याची मर्जी."

"आन त्यो न्हाई आला तर?"

"तर मी काय करीन, मला ठाऊक न्हाई, बाई. मी काय देवमानूस न्हाई."

वच्छलाबाई पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "त्यांनी मला बजावलंय, पोराला नदीपल्याड निरोप धाडायचा न्हाई म्हनून. मास्तर काय, चार दिसांनी सुटंल, म्हनतात. मला बी तसंच वाटत व्हतं गं. वाटून घेत व्हते." त्या उठल्या. "मी आई हाय. त्याला कैदेत जा म्हनून कसं सांगू? पन तू बी कुनाची तरी बायकोच की. तू तर तोंड उघडलं न्हाईस."

त्यांनी धारेची चरवी उचलली आणि कुंपणापर्यंत आल्या. अंजनानं सवयीनं ओंजळ लांब धरली, वरून ओतून घ्यावं तशी. वच्छलाबाईंनी ती अख्खी चरवीच तिच्या हातात ठेवली. त्यांची बोटं अंजनाच्या बोटांना लागली. त्यांनी ती ओढून घेतली नाहीत.

"लेकरांना दे. चरवी मागनं आनून दे, न्हाईतर असू दे."

दुसऱ्या दिवशी सिदू धनगर शेरडं घेऊन सीनेपलीकडं चरायला गेला. तो रोजच जात असे, नाक्यावर त्याला कुणी विचारत नसे. त्या दिवशी वच्छलाबाईंचा निरोप त्याच्याबरोबर गेला. पुढं काय झालं ते मात्र कळेना. अंजना रोज नदीकडं पाही. बंकट रोज येऊन बोलून जाई. बाजाराचा दिवस आला.

ती आष्टीला पोचली तेव्हा पेठेत माणूस मावत नव्हतं. हवालातीच्या पटांगणात अमीनसाहेब तिची वाटच पाहत होते.

"हां बाई?"

रात्रभर जागून अंजनानं काहीच ठरवलं नव्हतं. तेवढ्यात पेठेकडून गलका ऐकू आला. गर्दी दुभंगली. पुढं सुंदरराव होता, पांढरा सदरा, हातात काठीला बांधलेला तिरंगा. आणि त्याच्या शेजारून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून, वच्छलाबाई पायी चालत येत होत्या. निंबोरवाडीच्या पाटलीणबाई! बैलगाडीच्या पडद्याआडून तेवढ्या आष्टीला दिसायच्या त्या, आज भर बाजारातून धुळीनं भरलेल्या पायांनी आल्या होत्या.

सुंदरराव पटांगणात येऊन उभा राहिला.

"अमीनसाहेब, नाक्यावर झेंडा मी लावला. मास्तरांचा काही संबंध नाही. मला घ्या, त्यांना सोडा."

गर्दीतून कुणीतरी घोषणा दिली, शिपाई लाठ्या घेऊन धावले. अंजनाला वाटलं होतं की अशा वेळी आपल्याला जिंकल्यासारखं होईल. इतके दिवस तिनं तेच मनात आणलं होतं: पाटलाच्या लेकाच्या हातात बेडी पडेल आणि आपण पाहू. बेडी पडली तेव्हा ती वच्छलाबाईंच्या तोंडाकडं पाहत होती. त्या रडत नव्हत्या, नुसत्या ओठ हलवत होत्या. अंजनाच्याच डोळ्यांना धार लागली.

शहादेवाला बाहेर आणलं. सुंदरराव त्याच्या समोरून आत जात होता.

"मास्तर, मला उशीर झाला. खरंच ठाऊक नव्हतं."

"आलात. लई झालं."

दगडूमियांनं कुलूप लावलं आणि वच्छलाबाईंकडं वळला. "मांसाब, तुमी घराकडं जा. पोराला उपाशी ठेवनार न्हाई मी. मास्तरला इचारा."

"खरं हाय," शहादेव म्हणाला. "जमादाराच्या ताटातली भाकरी मी खाल्ली हाय."

परतताना तिघं एकाच वाटेनं आली. वच्छलाबाई पुढं, अंजना मागं, शहादेव त्याच्याही मागं, असं निघताना होतं. अर्ध्या वाटेवर पाहिलं तर दोघी बायका बरोबरीनं चालत होत्या. कोण थांबलं आणि कोणी पाय उचलला, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

आता सगळं चांगलं झालं असं म्हणता यायचं नाही. अर्जुनरावांची पोलीस पाटीलकी गेली. ज्याच्या घरात सत्याग्रही, त्याच्यावर सरकारचा भरवसा कसा राहील? त्याचा राग त्यांनी शहादेवावर धरला. "एक शबूद खोटा बोलला असतास, तर माझं घर वाचलं असतं," असं ते चावडीवर सगळ्यांदेखत बोलले, आणि त्या हंगामात वस्तीतल्या एकालाही त्यांनी बाजरीच्या काढणीला बोलावलं नाही. शाळेची परवानगी आली नाही ती नाहीच. शहादेव पोरांना बाभळीखाली बसवून गाणी म्हणून दाखवी आणि गाण्यांतूनच अक्षरं शिकवी. कुणी विचारलं तर भजन चाललंय म्हणे, आणि भजन तर खरंच चाललेलं असे. सुंदररावाला सजा झाली. त्याला पुढं वर्षभरानं सोडलं, तो अंगानं वाळून पण हसतखेळत आला. पण ते मागाहून.

दिवाळी झाली, बाजरी खळ्यावरून घरात आली, आणि वस्तीतला उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी जो तो आपल्या पिकातलं पहिलं देवापुढं आणून ठेवी. बाजरीच्या टोपल्या, तुरीच्या शेंगा, भोपळे, एखादी कोंबडी. कुडाच्या भिंतींना झेंडूच्या माळा लावलेल्या. त्या साली टोपल्या लहान होत्या, काढणीची मजुरी बुडाल्यामुळं. तरी माणसं नेहमीपेक्षा जास्त आली होती.

गाणं चालू असताना बंकटानं अंजनाला कोपरानं ढोसलं. दाराबाहेर वच्छलाबाई उभ्या होत्या. डोक्यावर बाजरीची टोपली, बरोबर कुणी गडीमाणूस नाही.

गाणं थांबलं. सगळी वस्ती उभी राहिली. काय करावं कुणालाच कळेना. पाटलीणबाईंना आत या म्हणावं तरी पंचाईत, न म्हणावं तरी पंचाईत. अंजना उठून बाहेर गेली.

"मला सांगितलं कुनी, आज तुमी देवाचं देनं देता म्हनून," वच्छलाबाई म्हणाल्या. "ह्या वर्साला माझ्यावर बी त्याचं देनं हाय. ही माझ्या वाट्याच्या शेताची हाय, त्यांच्या न्हाई. चालंल ना?"

अंजनानं टोपली त्यांच्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि रिकाम्या हातानं त्यांचा हात धरून आत आणलं. बायकांनी सरकून जागा केली.

शहादेव प्रार्थनेला उभा राहिला. त्यानं पिकासाठी आभार मानले, पावसासाठी मानले. दगडूमियां जमादाराचं नाव घेतलं. मग निजाम सरकारला चांगली बुद्धी आणि न्याय मागितला. कैदेतल्या सुंदररावासाठी आरोग्य मागितलं. अर्जुनराव पाटलांच्या मनाला शांती मागितली. आणि मग अमीनसाहेबांसाठी मागायला लागला, तेव्हा बंकट मोठ्यानं खाकरला.

शहादेवानं डोळे मिटूनच म्हटलं, "बंकट, तुला जड जात असंल तर हे मी एकटाच म्हनतो."

मागून दोनचार जण हसले. बंकटाचा खाकरा विरला.

त्यानंतर ज्याला बोलायचं त्यानं उठून आभार मानायचे, अशी तिथली रीत. अंजना आजवर कधी उठली नव्हती. नवऱ्याचं बोलणं घरात दोघांपुरतं पुरतं, असं ती म्हणायची. आज उठली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझा मालक घरी हाय. हवालातीत बी त्याला भाकरी मिळाली. आन ही बाई…" ती खाली बसली. वच्छलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उपासना संपेपर्यंत तो तिथंच राहिला.

नंतर बाहेर अंगणात सगळ्यांची पंगत बसली. बाजरीची भाकरी, आमटी, भोपळ्याची भाजी. वच्छलाबाई बाजूला उभ्या राहिल्या. अंजनानं हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेतला आणि त्यांच्यापुढं धरला. पंगतीतल्या सगळ्या माना तिकडं वळल्या.

वच्छलाबाईंनी तो खडा तिच्या तळहातावरून उचलला, तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या देखत चावला.

"जेवायला अजून धीर व्हत न्हाई गं, अंजने. खोटं कशाला बोलू."

"व्हईल तवा या," अंजना म्हणाली.

"यीन." त्यांनी उरलेले शेंगदाणे मुठीत घेतले आणि शेताच्या बांधाबांधानं घरी निघाल्या, एकेक दाणा तोंडात टाकत. वाटेवर दिसेनाशा होईपर्यंत अंजना दारात उभी राहिली. मग पंगतीला आमटी कमी पडत होती, म्हणून ती आत वळली.